रुळांमधला हात

माझा हात मनगटापर्यंत खळ लावायच्या यंत्राच्या दोन लोखंडी रुळांत अडकला होता, मी गळा फाटेस्तोवर ओरडत होतो आणि माझा मेव्हणा जमिनीवर बसून विचार करत होता. यंत्राचं बटण तेवढं त्याने बंद केलं होतं. पुढे काहीच नाही!

हा बायकोचा भाऊ आमच्या खोक्यांच्या कारखान्यात नव्या घड्या शोधायचा. पुठ्ठा मांडीवर घेऊन दुपार-दुपार बसून राहायचा आणि संध्याकाळी असं खोकं समोर ठेवायचा, की त्याला ना टाचणी लागे ना खळ. तरी दादा, माझा थोरला भाऊ, त्याला ‘समाधी’ म्हणायचा. कारखाना दादाचा, आणि दादाच्या नाकावर कायम राग.

कामगार गोळा झाले, दादाही धावत आला. ‘‘चाक उलटं फिरवा!’’

‘‘नको,’’ समाधी म्हणाला. ‘‘हात गेला तसा परत येणार नाही. कातडी सोलून निघेल. जरा बघू द्या मला.’’

‘‘इथे माझा भाऊ मरतोय आणि तू बघत बसतोस?’’

दादाने त्याच्या कानाखाली अशी वाजवली, की तो यंत्रावर आपटला. वर कमरेत लाथ. समाधीचा ओठ फुटला. रक्त थुंकून तो पुन्हा वाकला आणि रुळाच्या खाली डोकावू लागला. मीही त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होतो.

दादाने रूळ फिरवायच्या चाकाला जोर लावला. चाक जेमतेम बोटभर फिरलं आणि माझ्या मनगटाची कातडी गोळा होऊन फाटली. रक्त खळीत मिसळलं. मी गुरासारखा ओरडलो. तेवढ्यात समाधीने उजव्या हाताने चाकाचा आरा घट्ट धरला.

‘‘सोड!’’ दादाने पाना उचलला आणि त्या हातावर घाव घातला. मग आणखी घातले. हाडं मोडल्याचा आवाज मला माझ्या ओरडण्यातूनही ऐकू आला. त्याने आरा सोडला नाही. शेवटी दादालाच धाप लागली.

‘‘व्हॅनमधला जॅक आणा,’’ समाधी म्हणाला. ‘‘वरचा रूळ स्प्रिंगवर बसवलाय. त्याच्या दांड्याखाली जॅक लावला की उचलला जाईल.’’

व्हॅन दारातच उभी होती. इतक्या माणसांत हे कुणाला सुचलं नव्हतं. समाधीने डाव्या हाताने जॅक फिरवला, सावकाश, आणि माझा हात अलगद बाहेर आला.

दवाखान्यात माझी कातडी शिवली. बोटं शाबूत होती. मग डॉक्टरांनी समाधीच्या हाताचा एक्स-रे उजेडात धरला.

‘‘हाही यंत्रात सापडला?’’

‘‘नाही,’’ दादा म्हणाला. ‘‘माझ्या हातात सापडला.’’

जरा वेळाने त्याने विचारलं, ‘‘पुठ्ठा दुमडता येईल ना त्याला?’’

डॉक्टर एक्स-रेकडे बघत राहिले, बराच वेळ. दादाने त्यांना घाई केली नाही.