पेन्सिल उलटी

दिवा लागतो का?
लागतो.
पंखा फिरतो का?
फिरतो.
पडद्यावर काय दिसतं?
मी. विस्कटलेले केस, हातात गार झालेला चहा. बाकी सगळं काळं.

हे प्रश्न माझेच. आमच्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात सव्वीस वर्षं मी फोन घ्यायचे, हे तीन प्रश्न विचारायचे, उत्तरं चिठ्ठीवर लिहून आत सरकवायचे. आत हे, म्हणजे माझा नवरा. चिठ्ठीचं पुढे काय होतं, ते मी कधी पाहिलं नाही.

आता दुकान नाही. पक्षाघातानं ह्यांची वाचा गेली, उजवा हातही. डाव्या हाताच्या थरथरत्या एका बोटानं हे टाइप करतात आणि कॉम्प्युटर ते मोठ्यानं वाचतो. मुलीनं लावून दिलेला आवाज इस्त्री केल्यासारखा सपाट, पण घरात ह्यांचा म्हणून तोच. मोबाइलवर जमत नाही, एका अक्षराऐवजी तीन उमटतात. मागे दोन दिवस वीज नव्हती, तेव्हा ह्यांनी भिंतीकडे तोंड केलं. वीज आली तरी वळेनात. ताटाला हात लावला नाही.

आज कॉम्प्युटर बंद पडला आणि ह्यांची मान पुन्हा भिंतीकडे वळायला लागली. मी खुर्चीच फिरवली.

"भिंतीत काय ठेवलंय? इकडे बघा. टेबलावर एकदा ठक म्हणजे हो, दोनदा म्हणजे नाही. हात माझे, डोकं तुमचं. डोकं आपलंच चालतं, हेच जन्मभर म्हणत आलात ना?"

ठक.

"लगेच हो! जरा तरी विचार करायचा."

प्रयत्न पहिला

बटण दाबलं. आतून बीप. लांबलचक. परत बीप. परत.

"सकाळपासून असंच गळा काढतोय," मी म्हटलं.

सकाळी हे आतल्या खोलीत होते, ऐकलं नव्हतं. आता ऐकलं आणि डोळे एकदम लकाकले, बीपवरूनच बिघाड ओळखल्यासारखे.

प्रयत्न पहिलाच, दुरुस्त करून

स्क्रूड्रायव्हर घेतला. ठक ठक. ठक ठक.

"आता काय?"

नजर प्लगकडे. काढला.

ठक.

प्रयत्न तिसरा (दुसरा सांगण्यासारखा नाही)

झाकण उघडलं. ह्यांनी बोटानं दाखवलेली मेमरीची हिरवी पट्टी खिट्ट्या दाबून बाहेर काढली. तिच्या एका कडेला बारीक सोनेरी दात. मग ह्यांचा हात टेबलावरच्या पेन्सिलीकडे गेला.

लिहायचंय! मी धावत वही आणली. ह्यांनी पेन्सिल उलटी धरली. मी सुलटी करून दिली. ह्यांनी उलटी केली.

"अहो, अशी नाही."

सुलटी. ठक ठक. उलटी.

पेन्सिल कशी धरायची तेही गेलं? काल तर माणूस बरा होता.

ठक ठक. ठक ठक. ठक ठक.

ह्यांनी पेन्सिल माझ्या मुठीत कोंबली, उलटीच. माझं मनगट धरून तिच्या मागचं गुलाबी रबर त्या सोनेरी दातांवर टेकवलं आणि एकदा घासलं. मग माझ्याकडे पाहिलं. दुकानात खुळचट प्रश्न विचारणाऱ्या गिऱ्हाइकाकडे पाहायचे, अगदी तसं.

मी इतकी हसले की आधी डोळे पुसावे लागले.

मग घासत बसले. रबर काळं पडलं, दात झळझळीत झाले. पट्टी खाचेत बसवताना ह्यांचा अंगठा माझ्या अंगठ्यावर होता. जोर थोडासाच, पण होता. एका टोकाला कट्. दुसऱ्या टोकाला कट्.

प्रयत्न चौथा

झाकण लावलं, स्क्रू बसवले, प्लग घातला, बटण दाबलं.

दिवा लागतो का?
लागतो.
पंखा फिरतो का?
फिरतो. बीप एकच, तोही छोटा.
पडद्यावर काय दिसतं?
मी दिसत नाही आता. मुलीचा लहानपणीचा फोटो दिसतोय, पुढचे दोन दात पडलेले.

हे कीबोर्डकडे सरकले. एक बोट. एक अक्षर. मी उगाच केस सारखे केले. इतका खटाटोप केला, काहीतरी गोड म्हणतील.

सपाट आवाज म्हणाला, "एक स्क्रू उरलाय."

मी टेबलावर पाहिलं. खरंच उरला होता.

"असू दे," मी म्हटलं. "तुमचेही उरायचे, दुरुस्त मशीन बाहेर आलं की काउंटरवर सापडायचे. मी गुपचूप डब्यात टाकायचे, तुम्हाला कळू न देता."

बोट बराच वेळ फिरत राहिलं.

"माहीत होतं. मी मुद्दाम तुझ्या बाजूला ठेवायचो."