दुसरा शेवट

"थांब, परत लाव," भिवा म्हणाला.

हेतलने मोबाइल तांदळाच्या डब्याला टेकवून ठेवला होता. दापोलीच्या कॉलेजात शिकणारी ही पोरगी सिनेमांवर व्हिडिओ करायची. अख्ख्या आंजर्ल्यात तिला हक्काचा प्रेक्षक एकच, होडीवर तांडेलकी करून गुडघे गेल्यामुळे घरी बसलेला तिचा बाप भिवा. त्यात तिला आवडायचे ते बघून जेवण जाऊ नये असलेच सिनेमे. आजच्या सिनेमातला बाप अपघातात गेलेल्या मुलाला वाचवायला यंत्रात बसून पुन्हा पुन्हा मागच्या काळात जात होता.

"थेटरात दाखवला त्या शेवटात पोरगा काही केल्या वाचत नाय," हेतल म्हणाली. "नंतर दुसरा शेवट बाहेर आला. त्यात वाचतो, पण बापाला ओळखत नाय. दार उघडून विचारतो, कोण हवंय?"

"मग खरा कुठला?"

"दोन्ही त्यांनीच केलेत, बाबा. पण पयला प्रामाणिक वाटतो. दुसरा आपला लोकांच्या समाधानासाठी."

"मला दुसराच बरा वाटला. नाय ओळखू दे. जिता हाय ना?"

विळीवर मासे कापणाऱ्या त्याच्या बायकोचा, गुणवंतीचा हात थांबला. मग ती पुन्हा कापू लागली.

दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या तोंडावर वादळात होडी उलटली. बाकीचे खलाशी दुसऱ्या बोटीने परत आले, भिवाचा मुलगा मितेश आला नाही. त्याचं प्रेतही मिळालं नाही. गुणवंतीचं म्हणणं, त्याला परमुलखाच्या बोटीने उचललं असणार, कुठल्या तरी तुरुंगात असेल, सुटून येईल. ती रोज त्याचं ताट वाढून झाकून ठेवायची. भिवाचा जन्म समुद्रावर गेला होता. त्या वाऱ्यात काय होतं ते त्याला कोणी सांगायला नको होतं. भावकीने धोशा लावला, पोराचा जीव अडकलाय, दर्भाचा पुतळा करून कार्य उरकून टाक. शेवटी तो हो म्हणाला.

कार्याच्या सकाळी गुणवंती दारातच उभी राहिली.

"जित्या पोराचं दहावं घालताव तुमी. मी येणार नाय. कावळा शिवणारच नाय, बघा. नाय शिवला तर समजा, माझा मितेश हाय."

खाडीच्या तोंडाशी पुतळा जळला, लगेच दहाव्याचे भाताचे पिंडही मांडले गेले. भावकी हात जोडून कावळ्याला बोलावत होती. भिवा मात्र मनातून एकच विनवत होता, येऊ नको रे बाबा, आज एवढा येऊ नको. आपण हे काय मागतोय याची त्याला लाजही वाटत होती.

भटजी मागे सरतात न सरतात तोच कावळा उतरला आणि सरळ पिंडावर बसला.

"सुटला पोर," भिवाचा चुलतभाऊ महिपत म्हणाला. सगळ्यांना बरं वाटलं. भिवाला रडू आवरेना. कोणावर रागवावं तेही त्याला कळत नव्हतं. हेतलने त्याचा दंड धरला आणि दोघं घरी आले.

गुणवंती दारातच होती, सकाळपासून हललीच नव्हती की काय कोण जाणे.

"शिवला?"

भिवाने पायांवर पाणी घेतलं. गावातलं कोणी ना कोणी हिला खरं काय ते सांगणारच होतं, आज नाही तर उद्या. हेतल काही बोलायच्या आत तो म्हणाला, "नाय. लय वेळ थांबलो. एक कावळा फिरकला नाय. मग भटजींनी दर्भाचा कावळा केला आन् लावला पिंडाला."

गुणवंती डोळे पुसून आत गेली.

तिने मुद्दाम बांगड्याचं कालवण केलं होतं. तिच्या लेखी घरात सुतक नव्हतं. तिने चार ताटं वाढली, एकावर झाकण ठेवलं. भिवाने क्षणभर पुढ्यातल्या माशाकडे पाहिलं आणि घास घेतला. हेतल खाली मान घालून भात कालवत राहिली.

"त्याला मधला तुकडा घातलास ना गो?" भिवाने विचारलं.

"घातला," गुणवंती म्हणाली.