पडदा धरणाऱ्या मावशी

चार चाकांवर फिरणारी लोखंडी चौकट आणि तिच्यावर ताणलेले हिरवे कापड, एवढाच माझा देह. मित्रांनो, सरकारी दवाखान्यातील तपासणीच्या खोलीत उभा असणारा मी एक वयोवृद्ध पडदा. माझी चौकट जोडणाऱ्या कारागिराने निरोप देताना म्हटले होते, "सगळ्यांची लाज राख रे बाबा!" ते वचन मी निष्ठेने पाळले; मधली कित्येक वर्षे मात्र मोडक्या खुर्च्यांच्या संगतीत अडगळीत गेली.

मग शासनाचा आदेश आला. पंचेचाळिशी-पन्नाशीच्या सुमारास स्त्रीची मासिक पाळी कायमची थांबते, त्याला रजोनिवृत्ती म्हणतात. त्या काळातील त्रास स्त्रियांनी मोकळेपणाने सांगावा, म्हणून दर बुधवारी स्वतंत्र तपासणी सुरू झाली. दवाखान्याची झाडलोट करणाऱ्या मावशींनी मला धुऊनपुसून बाहेर आणले; चाके घसरू नयेत म्हणून तपासणीच्या वेळी त्याच मला धरून उभ्या राहत.

पहिल्या बुधवारी कोणी आत येईना. मावशी दारातून हाका मारू लागल्या, "या हो आत! भिंतीला कान असतात, पडद्याला नसतात." कान मला होते, जीभ तेवढी नव्हती. शिवणकाम करणारी एक बाई धीर करून आली. "अंगात भट्टी पेटते हो माझ्या, आणि घरचे म्हणतात, पंखा बंद कर, थंडी वाजते!" तपासणी करणाऱ्या सिस्टर हसल्या आणि त्यांनी छापील तक्त्यातील नऊ प्रश्न शांतपणे विचारले. पुढे बाकावर जागा पुरेना. अधिकारी आले, माझ्याशेजारी उभे राहून छायाचित्र काढून गेले.

मावशींना ते प्रश्न मुखोद्गत झाले. लाजणाऱ्या बायकांना त्या बाहेरच विचारून ठेवीत. "पाळी थांबून वर्ष उलटलं आणि पुन्हा रक्त गेलं, तर लगेच दाखवायचं बरं का!" असे बजावीत. मावशींना मात्र एकही प्रश्न कोणी विचारला नाही. पडदा धरणारीचे नाव तक्त्यात कसे येणार?

एका बुधवारी सगळ्या गेल्यावर त्या माझ्याआड आल्या. दाराचा कानोसा घेत त्यांनी रक्ताने भिजलेली कापसाची घडी बदलली. असे चार महिने चालले. माझी चौकट धरून त्या उभ्या राहत, आणि मला कोणाला हाक मारता येत नव्हती.

अखेर विसरलेला चष्मा घ्यायला सिस्टर परतल्या.

"मावशी, हे काय?"

"काही नाही हो. वय उलटं फिरलंय माझं!"

सिस्टर हसल्या नाहीत. "किती वर्षं बंद होती?"

"सहा."

"आणि दाराशी बायकांना काय सांगत होतात?"

मावशींचा चेहरा उतरला. "दुसऱ्याला सांगायला काय जातं, सिस्टर? नवरा अंथरुणाला खिळलाय. मीपण पडले, तर त्याला पाणी कोण देणार?"

सिस्टरांनी त्यांना बाकावर बसवले आणि दुसऱ्या दिवशी स्वतः मोठ्या रुग्णालयात नेले. त्याला आता पाच बुधवार झाले. मावशी परतलेल्या नाहीत. तपासणीत काय निघाले, हे पडद्याला कोण सांगणार? सिस्टर हल्ली फार कमी बोलतात.

मित्रांनो, शासन आदेश काढील, खोली देईल, औषधही देईल. पण साऱ्यांना "डॉक्टरांना दाखव" असे सांगणारी एखादी आई, आत्या किंवा मावशी तुमच्याजवळही असेल. तिला एकदा विचारा, "तू दाखवलंस का?" आणि ती हसून विषय टाळू लागली, तर तिथून हलू नका.