कोरड्या रस्त्याची चाकं

"मागचा हॉर्न वाजवतोय," मास्तरीणबाई म्हणाल्या.

"वाजवू दे."

"गाद्यांचा टेम्पो आहे हो."

"असू दे."

"आपली गाडी शर्यतीची आहे ना?"

उत्तर द्यायचं तर तोंड उघडावं लागतं, तोंड उघडलं की श्वास सुटतो, आणि तो मास्तरांनी मागच्या वळणापासून धरून ठेवला होता. टेम्पो कडेने पुढे गेला. वरपर्यंत रचलेल्या गाद्या, त्यांच्यावर ताडपत्री, आणि ताडपत्रीखालून डोकं काढून बसलेला एक हमाल. त्याला खाली दिसली ती लाल, बुटकी, दोनच माणसांची, पाठीला पंख लावलेली गाडी. आणि ती भाजी घेऊन घरी निघालेल्या माणसाच्या चालीने घाट उतरत होती. हमालाने डोकं आत घेतलं. बहुधा हसायला.

मास्तरांना मात्र टेम्पो पुढे गेल्याचं वाईट वाटलं. तो लगेच दिसेनासा न होता समोरच राहिला असता तर बरं झालं असतं. धडकायचंच तर गादीवर.

पाऊस तसा काही फार नव्हता. चारचौघांत ज्याला भुरभुर म्हणतात तेवढाच. पण रस्त्याला चकाकी आली होती, आणि त्या चकाकीकडे मास्तर असे बघत होते जसं कर्जबुडव्या दाराच्या कडीकडे बघतो.

मास्तरांचा धंदाच मुळी भिण्याचा. गाडी शिकवण्याच्या शाळेत ते आयुष्यभर शेजारच्या सीटवर बसले होते. स्टिअरिंग दुसऱ्याच्या हातात, जीव आपला, आणि पायाखाली एक जादा ब्रेक. शिकणाऱ्याचं लक्ष आरशात, आरशातलं लक्ष केसांत, समोरून ट्रक. अशा वेळी आरडाओरडा केला तर शिकणारा डोळेच मिटून घेतो, हे त्यांना अनुभवाने कळलं होतं. म्हणून ते फक्त "हळू" म्हणायचे. दिवसभर, एकाच सुरात. गावाने त्यांचं नाव हळूमास्तर ठेवलं, आणि ते नाव इतकं चिकटलं की लग्नाच्या पत्रिकाही त्याच नावाने येऊ लागल्या. झोपेतसुद्धा त्यांचा पाय ब्रेक समजून शेजारचा पाय दाबायचा. मास्तरीणबाईंनी पहिलं वर्ष ते प्रेम समजून घालवलं.

अशा माणसाने मुलीचं लग्न उरकल्यावर एका दातांच्या डॉक्टरकडून जुनी स्पोर्ट्स कार घ्यावी, याला लोकांनी वय म्हटलं. डॉक्टरांची कंबर त्या गाडीत बसताना धरली होती. मास्तरांची धरली नाही. डोंगरापलीकडे एक ट्रॅक होता. काही रविवारी तिथे साध्या माणसांनाही गाडी पळवू देत. तिथे ते एकदा गेले आणि जातच राहिले.

"काय मिळतं तिथे?" मास्तरीणबाईंनी विचारलं होतं.

"तिथे समोरून कोणी येत नाही," मास्तर म्हणाले होते.

त्या शिवणकाम करत. शाळेचे गणवेश शिवून शिवून त्यांना एवढं कळलं होतं की माणसाला एखादा कपडा का आवडतो हे विचारण्यात अर्थ नसतो. पण वेगाने जाणाऱ्या गाडीत आपला नवरा बसलाय, ही कल्पना त्यांना टोचत राहिली. "विका ती," त्या दर रविवारी म्हणत. शेवटी मास्तर म्हणाले, "एकदा येऊन बघ. बघितल्यावरही विक म्हणालीस तर विकतो." म्हणून आज त्या आल्या होत्या. मास्तरांची आयुष्यातली एकुलती एक चैन आज परीक्षेला बसली होती, आणि परीक्षक शेजारी बसल्या होत्या.

आता त्या चाकांबद्दल. ट्रॅकवर पळवायच्या चाकांचं रबर वेगळं असतं. त्याला खाचा जवळजवळ नसतातच. ते तापलं की डिंकासारखं रस्त्याला धरतं. गार आणि ओलं झालं की त्याचा साबण होतो. म्हणून शहाणी माणसं गाडी ट्रेलरवर घालून आणतात. मास्तरांकडे ट्रेलर नव्हता, आभाळ होतं. ते सकाळी गच्चीत जाऊन आभाळ बघत. ढग दिसला की बेत रद्द. आज सकाळी ढग होता, हातरुमालाएवढा. पण मास्तरीणबाई तयार होऊन दारात उभ्या होत्या, आणि ज्याने बायकोला बेत रद्द झाल्याचं दारात सांगितलंय त्यालाच कळेल की मास्तरांना तो हातरुमाल का दिसला नाही.

दुसरी गोष्ट पंपाची. हवा भरायचा पायपंप एरवी शेजारच्या सीटवर, पट्टा लावून बसायचा. आज तिथे मास्तरीणबाई बसल्या. डिकीत त्यांची पिशवी आणि छत्री गेली, आणि डिकी भरली.

ट्रॅकवर पहिली फेरी संपल्यावर मास्तर खाली वाकून चाकांतली हवा सोडू लागले तेव्हा मास्तरीणबाईंनी विचारलं, "लोक हवा भरून घेतात. तुम्ही काढताय?"

"तापली की फुगते. जास्तीची सोडावी लागते."

"आणि गार झाली की?"

"कमी पडते. मग परत भरायची."

"कशाने?"

"घाट उतरला की पेट्रोलपंप आहे," मास्तर म्हणाले. कोरड्या दिवशी हे उत्तर बरोबर ठरलं असतं.

दुपारी आभाळ भरून आलं. मास्तरांच्या शेजारी गाडी लावणारा एक औषधांचा दुकानदार होता. तो म्हणाला, "मास्तर, ही चाकं घेऊन घाटात नका जाऊ. गाडी इथेच राहू द्या. दोघांना मी घरी सोडतो."

मास्तरांच्या ओठांवर "बरं" आलं होतं. पण थोड्याच वेळापूर्वी मास्तरीणबाई कठड्याला धरून उभ्या होत्या, मास्तर दोन गाड्यांना मागे टाकून आले होते, आणि त्या म्हणाल्या होत्या, "बरं चालवता हो तुम्ही." इतक्या वर्षांच्या संसारात हे वाक्य पहिल्यांदाच आलं होतं. त्यावर लगेच 'ही गाडी ओल्या रस्त्यावर उतरत नाही' असं सांगायचं म्हणजे ताटात वाढलेलं परत पातेल्यात ओतणं.

"छे," मास्तर म्हणाले. "चार थेंबांना काय भ्यायचं."

त्या चार थेंबांचे आता ओहोळ झाले होते. डोंगराच्या कडेने पाणी येत होतं आणि प्रत्येक वळणावर रस्ता ओलांडून दरीकडे जात होतं, अगदी घरचा रस्ता असल्यासारखं. मास्तरांच्या जिभेला कोरड पडली होती. सगळं पाणी बाहेर, आत थेंब नाही.

"तुम्ही काही बोलत का नाही?" मास्तरीणबाई म्हणाल्या.

"गाडी चालवतोय."

"मघाशी तर बोलत बोलत चालवत होतात."

पुढच्या वळणावर स्टिअरिंग हलकं झालं. बिघडलं नाही, तुटलं नाही. फक्त त्याचा आणि चाकांचा संबंध संपला. मास्तरांनी ते वळवलं, ते मुकाट्याने वळलं, गाडी सरळ गेली. मग मागची बाजू पुढे यायला निघाली. समोरून डोंगर गेला, दगडी कठडा गेला, मग कठड्यापलीकडचं ते सगळं, ज्यात नुसतं धुकं होतं, ते गेलं. मग पुन्हा डोंगर. ब्रेक दाबायचा नाही हे मास्तरांनी हजार जणांना शिकवलं होतं. त्यांनी तो पुरेपूर दाबला.

गाडी थांबली. तोंड चढाकडे, शेपूट कठड्याला टेकायला आलेलं. वायपर इकडून तिकडे जात होता.

"वळायचं होतं का?" मास्तरीणबाईंनी विचारलं.

"नाही."

मास्तरांनी हँडब्रेक ओढला.

"मला भीती वाटतेय," मास्तर म्हणाले. आवाज त्यांचा स्वतःचा वाटत नव्हता. "ही चाकं ओल्यात धरत नाहीत. हवा पण कमी आहे. मला ठाऊक होतं. सकाळपासून ठाऊक होतं."

मास्तरीणबाईंनी कठड्याकडे बघितलं. मग त्याच्या पलीकडे बघितलं. त्यांचा रंग उतरला, पण आवाज नाही. "इथेच थांबलो तर? पाऊस जाईपर्यंत."

"वळण आहे. वरून येणाऱ्याला आपण दिसणार नाही. सरळ येऊन आदळेल."

"पेट्रोलपंप किती लांब?"

"तीन वळणं."

मास्तरीणबाईंनी पट्टा सोडला. उतरल्या, मागे गेल्या, डिकीतून छत्री काढून खिडकीशी आल्या.

"कुठे निघालीस?"

"गाडीच्या मागून चालते. वरून येणाऱ्यांना थोपवते. तुम्ही उतरा हळूहळू."

"अगं, उडवतील तुला."

"हळू म्हणेन ना. इतकी वर्षं ऐकतेय, तेवढं येतं मला."

"मी तुला एकटीला..."

"मी गाडीत बसले तर चाकं धरतील का?"

"नाही."

"मग."

आधी गाडी वळवायची होती. गावातल्या निम्म्या लोकांना गाडी मागे घ्यायला शिकवणारे मास्तर पावसात उभ्या असलेल्या एका शिवणकामवाल्या बाईच्या हाताकडे बघत गाडी मागे घेत होते. "या, या, अजून या... बस. बस म्हटलं ना." एकदा चाक जागच्या जागी फिरलं आणि गाडी हातभर कठड्याकडे सरकली. मास्तरीणबाई बाजूला झाल्या नाहीत. मग गाडीचं तोंड एकदाचं उताराकडे आलं.

ते पहिल्या गिअरमध्ये निघाले. पाय ब्रेकजवळ, पण ब्रेकवर नाही. आरशात छत्री दिसत होती. काळी, मोठी, पुरुषी छत्री, रस्त्याच्या अगदी मधोमध. तिच्याखाली एक बुटकी आकृती, मागे वळून वळून बघत येणारी.

आणि आता भीतीने जागा बदलली. इतका वेळ ती पोटात होती. आता ती मागच्या काचेत होती. चाकांचं काय व्हायचं ते होवो, पण वरून कोणी आलं तर? आपण थांबायचं म्हटलं तरी थांबता येणार नाही, घसरू. मागे जाता येणार नाही. ओरडलं तर ऐकू जाणार नाही. आयुष्यात पहिल्यांदा मास्तरांच्या पायाखाली असा कुठलाच ब्रेक नव्हता की जो दाबला तर येणारं संकट टळेल.

दुसऱ्या वळणावर धुक्यातून दोन दिवे आले. बस होती. ती तिच्या रोजच्या वेगात, रोजच्या बेफिकिरीने आली. मास्तरांनी आरशात बघितलं, रस्त्याकडे बघितलं, परत आरशात बघितलं. छत्री हलली नाही. छत्रीखालून एक हात बाहेर आला, पंजा उघडा, एखाद्या वर्गात गोंधळ थांबवावा तसा. बसचं नाक खाली वाकलं, दिवे छत्रीच्या इतके जवळ आले की छत्री पिवळी दिसायला लागली. मास्तरांनी डोळे मिटले. गाडी चालू असताना डोळे मिटणारे विद्यार्थी त्यांनी पुष्कळ पाहिले होते.

उघडले तेव्हा बस उभी होती आणि छत्रीही.

काय बोलणं झालं ते मास्तरांना ऐकू आलं नाही. ड्रायव्हरने खिडकीतून हात बाहेर काढून काहीतरी विचारलं. मास्तरीणबाईंनी पुढच्या लाल गाडीकडे बोट केलं. ड्रायव्हरने गाडी पाहिली, तिचा पंख पाहिला, आणि कपाळाला हात लावला. मग त्याने बस त्यांच्या मागे लावली, चालत्या माणसाच्या वेगाने. बसमागे एक जीप आली, जीपमागे दुधाची गाडी, आणखी कोण कोण. मागच्यांना पुढचं काही दिसत नव्हतं, तरी कोणी हॉर्न दिला नाही. पुढे काहीतरी गंभीर असणार असं ज्याने त्याने धरलं असावं. असा तो सगळा लवाजमा डोंगर उतरला. पुढे गाडी, मागे छत्री, छत्रीमागे गाव.

पेट्रोलपंपाच्या छपराखाली मास्तरांनी गाडी थांबवली. मागून वाहनं एकेक करून निघून गेली. बसवाल्याने जाताना मान किंचित लववली. मास्तरांकडे बघून नाही.

मास्तरीणबाई आल्या, शेजारी बसल्या. गुडघ्यापर्यंत चिंब, एका पायात चप्पल नाही. त्यांनी हात मांडीखाली घट्ट दाबून धरले.

"विकून टाकतो," मास्तर म्हणाले.

"आधी स्टिअरिंग सोडा."

मास्तरांनी सोडायचं ठरवलं. हातांनी ऐकलं नाही. बोटं पांढरीफटक झाली होती आणि दुसऱ्याच कोणाची असावीत तशी स्टिअरिंगला धरून बसली होती. मास्तर त्या बोटांकडे बघत राहिले.

मास्तरीणबाईंनी आपले हात मांडीखालून काढले. मग पक्की घातलेली शिवण उसवावी तसं, कापड फाटू न देता, त्यांनी मास्तरांच्या करंगळीपासून एकेक बोट सोडवायला सुरुवात केली.