अंगठा खाणारा दोर म्हणतात मला

मी एक जुना दोर आहे. मित्रांनो, हालिस्को प्रांताच्या टेकड्यांतल्या आमच्या गावात मला ‘अंगठा खाणारा’ म्हणतात. म्हणोत बापडे! माझी बाजू आज मी सांगणारच.

घायपाताच्या पानांचा वाख काढून एका म्हाताऱ्याने मला वळले. क्रेसेन्सिओने मला घरी आणले तेव्हा मी इतका ताठ होतो, की त्याची बायको ब्रिहिदा म्हणाली, “अहो, दोर आणलात की काठी?”

क्रेसेन्सिओच्या हाताने मी मऊ झालो. दर रविवारी आम्ही घोडेस्वारांच्या खेळाच्या आखाड्यात उतरायचो. मोकळी घोडी भरधाव समोरून जायची, तिच्या मागच्या पायांत माझा फास पडायचा. मग क्रेसेन्सिओ मला खोगिराच्या लाकडी खुंटाला भराभर वेढे देऊन बेताबेताने सोडायचा. खुंटातून धूर निघायचा, घोडी सावकाश थांबायची. तिला ओरखडाही उठायचा नाही. धूर दिसला की लोक टोप्या उडवायचे.

एका रविवारी वेढा देताना क्रेसेन्सिओचा अंगठा माझ्या आणि खुंटाच्या मध्ये सापडला. तुटला.

“मेल्या दोराने घात केला!” ब्रिहिदा रडत म्हणाली. मला जाळायला निघाली होती. क्रेसेन्सिओने मला स्वयंपाकघराच्या भिंतीवर टांगले, पण माझ्या बाजूने एक शब्द बोलला नाही. अकरा वर्षे मी मिरच्यांच्या माळेशेजारी धुरकटत राहिलो. पाहुणे यायचे, माझ्याकडे बोट दाखवायचे. मला बोलता आले असते ना, तर एकेकाला सुनावले असते!

त्यांची मुलगी ओतिलिया बायकांच्या घोडेस्वार पथकाची म्होरकी. झालरींचे घागरे घालून, दोन्ही पाय एका बाजूला टाकून त्या घोडे असे नाचवायच्या की बघत राहावे. पण फास टाकणे पुरुषांचे काम, असे सगळे म्हणायचे. एके दिवशी तिने मला सरळ खाली काढले.

“खबरदार!” ब्रिहिदा ओरडली. “बापाचा अंगठा खाल्लाय त्यानं. आता तुझा खाईल.”

“खाऊ दे. नऊ उरतील.”

“अहो, सांगा काहीतरी तुम्ही हिला!” असे ब्रिहिदा नवऱ्याला म्हणणार, तेवढ्यात तोच बोलला. मान खाली घालून बोलला.

“त्यानं नाही खाल्ला, ब्रिहिदा. लोक टाळ्या वाजवत होते. मी त्यांच्याकडे बघत होतो.”

मित्रांनो, अकरा वर्षांनी! मला राग आला आणि त्याची दयाही आली. ब्रिहिदा चुलीकडे वळली. क्रेसेन्सिओने मला परसात नेले, सरळ करायला दोन झाडांमध्ये ताणून बांधले. “वेढा देताना अंगठा वर,” तो लेकीला म्हणाला. “आणि कुणी कितीही ओरडो, नजर दोरावर.”

जत्रेच्या रविवारी बायकांचा खेळ संपला. ओतिलियाने घोड्यावर बापाचे खोगीर घातले, घागरा आवरला आणि दोन्ही बाजूंना पाय टाकून बसली. पंच निकानोर धावत आला.

“अगं ए, ओतिलिया! तुझं झालं ना? आता पुरुषांची पाळी.”

“मग त्यांना सांगा, थांबा. तीनच फास टाकते.”

“पडलीस तर?”

“पडलेले पुरुष इतके आहेत, मी मोजले नाहीत अजून.”

लोक हसले. तेवढ्यात घोडी सुटली. पहिला फास मातीत पडला. दुसऱ्याला घोडीने उडी मारून चकवले. कोणीतरी ओरडले, “घरी जा, भाकऱ्या भाज!” ओतिलियाने तिकडे पाहिलेच नाही. तिसऱ्या वेळी माझा फास मोकळा पसरला, घोडीचे दोन्ही पाय आत आले, आणि ओतिलियाने मला खुंटाला वेढले. अंगठा वर! मी घसरत गेलो, तापलो, जळका वास सुटला. धूर निघाला. घोडी थांबली.

मग क्रेसेन्सिओने टोपी उडवली, आणि पाठोपाठ शंभर टोप्या उडाल्या.

निकानोर घसा खाकरून म्हणाला, “याची नोंद होणार नाही. नियमात बसत नाही.”

“नका करू,” ओतिलिया मला गुंडाळत म्हणाली. “पुढच्या रविवारी पुन्हा येते.”

आणि आम्ही गेलो. नंतरच्या रविवारीही गेलो. माझे दोन पदर आता सुटू लागले आहेत. म्हणून सांगतो मित्रांनो, आमच्यासारख्या जुन्यांना ऊन दाखवा, कोरडे ठेवा, पीळ सुटला तर पुन्हा द्या. पण शोभेला ठेवू नका. मला तुटायचेच असेल, तर भर आखाड्यात, घोडी धावत असताना तुटेन.