वीस मिनिटं पुढे

मी एक जुनं भिंतीवरचं घड्याळ आहे. निवडणूक कचेरीत, अर्ज घेणाऱ्या टेबलाच्या बरोबर वर टांगलेलं. मित्रांनो, माझं वय विचारू नका. मला घडवलं त्या कारखान्याच्या जागी आता गोदाम आहे. लाकडी पेटी, पितळी लंबक आणि आठवड्यातून एकदा किल्ली, एवढ्यावर माझं भागतं. माझ्याखाली कितीतरी अधिकारी बसून गेले. वेळेवर आलेला त्यातला एकही आठवत नाही.

पाच वर्षांतून एक दिवस मात्र मला भलताच मान मिळतो. तो दिवस म्हणजे विधानसभेचे उमेदवारी अर्ज घेण्याचा शेवटचा दिवस. दुपारी तीनला अर्ज घेणं बंद, आणि तीन म्हणजे माझे तीन. कुणाच्या मनगटावरचं घड्याळ तिथं चालत नाही, तसा नियमच आहे.

आता आमच्या आमदारसाहेबांची ओळख करून द्यायला हवी. साहेब वीस वर्षं आमदार होते, आणि त्या वीस वर्षांत एकदाही मतदान झालं नव्हतं. चारही वेळा बिनविरोध! साहेब हे छाती फुगवून सांगायचे. खरी गोष्ट एवढीच, की शेवटच्या दिवशी दुपारी एकला सगळे जेवायला गेले की शिपाई स्टुलावर चढायचा, माझी काच उघडायचा आणि मोठा काटा वीस मिनिटं पुढे ढकलायचा. पावणेतीनला धापा टाकत कुणी अर्ज घेऊन आलंच, तर अधिकारी माझ्याकडे बोट दाखवायचे. वर तोंड असं करायचे, जणू त्यांनाच फार वाईट वाटतंय. साहेबांनी वीस वर्षांत रस्ता केला तो स्वतःच्या फाटकापर्यंत, नळ आणला तो स्वतःच्या बागेपर्यंत. असल्या माणसाला निवडून आणायला माझा काटा कामी आला, याची मला आजही किळस येते.

दर शनिवारी मला किल्ली द्यायला कोपऱ्यावरच्या दुकानातली घड्याळवाली बाई यायची. वडिलांचं दुकान तिनं नेटानं चालवलेलं. हात असा, की मुंगीलाही चष्मा बसवून देईल. त्या दिवसानंतरच्या शनिवारी ती यायची, तो मी वीस मिनिटं पुढे! बिचारी ओशाळायची. आपल्याच कामात काही खोट राहिली म्हणून अधिकाऱ्यांची माफी मागायची, मला दुकानात नेऊन उघडायची, चाकं पुसायची, तेल घालायची. आणि अधिकारी तिला माफ करून टाकायचे! चोराच्या उलट्या बोंबा तुम्ही ऐकल्या असतील. चोरानं मोठ्या मनानं क्षमा केलेली मी तिथंच पाहिली.

चौथ्या वेळी अर्ज हुकला तो एका शाळामास्तरांचा. ते तणतणत तिच्या दुकानात आले, तेव्हा तिच्याच टेबलावर माझं पोट उघडं होतं. तुम्ही दुरुस्त केलेलं हे मनगटी घड्याळ वीस मिनिटं मागे चालतं, त्यापायी माझी उमेदवारी गेली, असं ते नाही नाही ते बोलले. तिनं ते घड्याळ रेडिओच्या वेळेशी ताडून पाहिलं. सेकंदाचाही फरक नव्हता. मग तिनं माझा मोठा काटा बोटानं पुढे ढकलून पाहिला.

"म्हणजे हे पुढे जात नाही," ती म्हणाली. "ह्याला पुढे नेतात."

पाच वर्षांनी तिनं स्वतः अर्ज भरला, तोही पहिल्याच दिवशी. लोक हसले. शेवटच्या दिवशी सकाळी दहाला ती पुन्हा कचेरीत आली, कोपऱ्यातलं स्टूल ओढलं आणि माझ्याखाली त्यावरच बसली. एक वाजता शिपाई आला.

"बाई, जरा स्टूल पाहिजे होतं."

"मलाही पाहिजे," ती म्हणाली आणि तिनं जेवणाचा डबा उघडला.

पावणेतीनला मास्तर आले. त्यांच्यामागून दवाखान्यातली एक परिचारिका आली. दोघांचेही अर्ज घ्यावे लागले. वीस वर्षांनी मतदान झालं आणि साहेबांना स्वतःच्या गल्लीतसुद्धा कुणी विचारलं नाही. लोक कृतघ्न निघाले म्हणे! निवडून आली ती घड्याळवाली.

तिनं दोन कायद्यांचा शब्द दिला होता. वेळ संपताना जो दाराच्या आत असेल त्याचा अर्ज घ्यायचाच, हा पहिला. तो तिनं वर्षभरात करून दाखवला, आणि मला वाटलं, माझ्या जन्माचं सार्थक झालं. दोनदा निवडून आलेल्यानं तिसऱ्यांदा उभं राहायचं नाही, हा दुसरा. तो अभ्यासासाठी समितीकडे गेला. नऊ वर्षं झाली, अभ्यास चालूच आहे. एवढ्यात मूल चौथी पास होतं.

मित्रांनो, हे सगळं आजच सांगायला कारण आहे. आज पुन्हा तो शेवटचा दिवस आहे, आणि ती तिसऱ्यांदा उभी आहे. माझ्या काट्यांना कुणी हात लावलेला नाही. गरजच पडली नाही. तारखांची नोटीस यंदा मागच्या दारावर चिकटवली आहे, जिथं झाडू ठेवतात. मास्तरांना कुठल्याशा मंडळाचं अध्यक्षपद मिळालं आहे. परिचारिकेची बदली लांब झाली आहे. अर्ज एकच आला आहे, तिचा.

मघाशी अधिकारी हात चोळत तिला म्हणाले, "बाई, यंदा बिनविरोधच दिसतंय."

आता ही भडकणार, असं मला वाटलं. तिनं शांतपणे चष्मा पुसला.

"बरंच झालं," ती म्हणाली. "लोकांना तरी कशाला त्रास."

साहेबांचा तिरस्कार करणं सोपं होतं. तो माणूस पहिल्यापासूनच तसला. हिचा तिरस्कार मला पचत नाही, पण करावा लागतो आहे. मला फक्त वेळ दाखवता येते, अर्ज भरता येत नाही. तो तुम्हालाच भरावा लागेल. तुमचं वय बसत नसेल, तर घरात ज्यांचं बसतं त्यांना दुपारच्या झोपेतून उठवा. दोन वाजून चाळीस मिनिटं झाली आहेत, आणि ही चाळीस मिनिटं अगदी खरी आहेत. कुणीतरी या.