एकट्याची सीट

धाकट्या जावयाने मनात मांडलेला हिशेब सोपा होता. सासऱ्यांची पत्र्याच्या शेडमध्ये पडलेली जुनी मोटरसायकल चालू करायची. बदल्यात एक तर ती मोटरसायकलच मिळणार. शिवाय रविवारी सकाळी कॉफीच्या दुकानासमोर जुन्या गाड्या ओळीने लावून, कॉफी गार होईपर्यंत इंजिनाबद्दल बोलणाऱ्या मंडळींत जागा मिळणार. आणि हे त्याने बायकोलाही सांगितलं नव्हतं, पण सासरी जेवणाच्या टेबलावर चौदा वर्षं पहिली खुर्ची अडवून बसलेल्या साडूची जराशी जिरणार. देणं काय, तर थोडा खर्च आणि थोडे शनिवार. असा सौदा सोडणारा माणूस मूर्खच.

एक अट मात्र होती. ती सासऱ्यांनी दोन्ही जावयांसमोर, पानावर बसलेले असताना घातली होती.

"या गाडीवर बसवून मला पुलापर्यंत नेऊन आणेल, गाडी त्याची. मग थोरला असो की धाकटा."

पूल शहराबाहेर, अकरा किलोमीटरवर. तरुणपणी सासरे त्याच्या बांधकामावर मुकादम होते आणि पुढे निवृत्तीनंतरही दर महिन्याला याच मोटरसायकलवरून त्याची पाहणी करायला जात. चार वर्षांपूर्वी पोरींनी गाडीची किल्ली काढून घेतली, तेव्हापासून पूल त्यांनी पाहिला नव्हता.

साडू हसला. तो घरं बांधून विकायचा, आणि प्रत्येक गोष्टीत त्याला स्वस्तातला मार्ग सुचायचा. "बाबा, पूलच बघायचाय ना? खाली माझी गाडी उभी आहे. एसी लावतो, पंधरा मिनिटांत पोचवतो."

"तुमच्या गाडीत बसलं की कळतच नाही हो, निघालोय की अजून घरीच आहोत," सासरे म्हणाले. "मला वारा लागला पाहिजे."

धाकटा जावई विमा कंपनीत होता. आपटलेल्या गाडीभोवती दोन फेऱ्या मारायच्या, मालकाशी गोड बोलत त्याच्या तोंडून असं एक वाक्य काढायचं की त्याचा दावा निम्म्यावर यावा, हे त्याचं काम. लोक अटी वाचत नाहीत, या एका गोष्टीवर त्याचा पगार चालू होता. अटी घालणाराही कधीकधी विसरतो, असा त्याचा अनुभव होता. आणि सासरे तर चष्मा डोळ्यांवर असताना चष्मा शोधायचे.

गाडी टेम्पोत घालून त्याने मिस्त्रीकडे नेली. मिस्त्री हाडकुळा आणि शब्दाला महाग. त्याने टाकीवर बोटाने टकटक केलं, चाक फिरवून पाहिलं, कान लावून किक हळूच दाबली.

"इंजिन जिवंत आहे. आहे तशी उभी करू? महिन्याभरात देतो."

"आहे तशी नको." जावयाने फोनमधला फोटो पुढे केला. लांब टाकी, गुडघ्यापाशी दोन्ही बाजूंनी खोलगट. हॅन्डल इतकं खाली की चालवणाऱ्याने गाडीच्या कानात काही सांगावं. आणि मागे गांधीलमाशीच्या बुडासारखी वर आलेली, एकाच माणसाची सीट. "याला कॅफे रेसर म्हणतात."

"रेसला जाणार?"

"छे."

"मग कुठे जाणार?"

"कॉफी प्यायला."

मिस्त्रीने फोटोकडे, मग साहेबांच्या पोटाकडे पाहिलं. "बरं. मागे कोणी बसणार?"

"नाही."

"वहिनी?"

"तिचे कान ठणकतात वाऱ्याने."

"दुसरं कोणी? नीट आठवा, साहेब. ही सीट करायची तर चासीची, म्हणजे सांगाड्याची, शेपटी कापावी लागते. परत जोडता येते, पण जोडलेलं ते जोडलेलंच. मग त्यावर मी माणूस बसू देत नाही."

आता सासरे आठवले नाहीत असं म्हटलं तर ते खोटं होईल. आठवले, आणि चांगले अर्धा मिनिट आठवत राहिले. पण रविवारच्या मंडळींत दोघांच्या सीटच्या गाडीला 'दूधवाला' म्हणत, तेही आठवलं. एका बाजूला आयुष्यभराची गाडी आणि दुसऱ्या बाजूला म्हाताऱ्या माणसाची बावीस किलोमीटरची एक फेरी. तराजूत घालायचीही गरज नव्हती. गाडी बघितली की म्हाताऱ्याचे डोळे दिपतील आणि पूल राहील बाजूला.

"कापा," तो म्हणाला.

घरी बायकोने पहिला प्रश्न तोच विचारला. "अहो, आणि बाबा कुठे बसणार?"

"बाबांना नुसतं बघूनच इतका आनंद होईल…"

"बघूनच व्हायचा असता तर त्यांनी फोटो मागितला असता." ती भाजी निवडत होती. तिने मान वर केली नाही. "हात दाखवून अवलक्षण करून घेऊ नका एवढंच म्हणते."

मिस्त्रीची माप घ्यायची एक पद्धत होती. नुसती चासी लाकडी ठोकळ्यांवर उभी करायची, वर फळी टाकायची, समोर एक पाइप बांधायचा आणि गिऱ्हाइकाला बसवून आपण लांब बाकावर चहा पीत बसायचं. पंधरा-वीस मिनिटांनी गिऱ्हाईक कंटाळतं, खांदे पडतात, पोट सुटतं. तेव्हा उठून खडूने खुणा करायच्या. "माणूस बसतो ते माप खोटं," तो म्हणायचा. "बसून कंटाळतो ते खरं."

नशीब असं की मापाच्याच दिवशी साडू तिथे टपकला. जवळच त्याचं बांधकाम चालू होतं म्हणे. शर्टाच्या बाह्या दुमडून तो खांबाला टेकला.

"वा, साडूभाऊ! अगदी जॉकी दिसताय. फक्त घोडा कुठे आहे?"

धाकट्या जावयाने पोट आत घेतलं, पाठ ताणली आणि पाइप धरून बाणासारखा पुढे झुकला.

मिस्त्री चहा प्यायला. दहा मिनिटं झाली. साडू हलला नाही, म्हणून जावयाचं पोटही हललं नाही. मिस्त्रीने दुसरा चहा मागवला. वीस मिनिटं झाली. जावयाच्या कपाळावरचा घाम नाकावरून फळीवर पडला.

"साहेब, आता श्वास सोडा."

"सोडलेलाच आहे."

"हॅन्डल इतकं खाली झेपेल का पण या वयात?" साडूने काळजीच्या सुरात विचारलं.

"मिस्त्री," जावई दात आवळून म्हणाला, "अजून दोन बोटं खाली घ्या."

मिस्त्रीने खडू उचलला. त्याच्या धंद्यात गिऱ्हाईक नेहमी बरोबर असतं. चुकतं ते गिऱ्हाइकाचं शरीर.

पुढचे पाच महिने धाकटा जावई फक्त 'आम्ही' म्हणून बोलत होता. आम्ही पिस्टन बदलला. आम्ही टाकीत मूठभर नट घालून ती दोन दिवस हलवली, तेव्हा कुठे आतला गंज सुटला. आम्ही कार्ब्युरेटर उघडला तर आत कोळ्याचं अख्खं कुटुंब. प्रत्यक्षात शनिवारी तो दिवा धरून उभा राहायचा, तोही चुकीच्या बाजूने, आणि मिस्त्री न बोलता त्याचा हात धरून दिवा जागेवर आणायचा. पण खर्च सगळा त्याचा होता, आणि खर्च करणाऱ्याला 'आम्ही' म्हणायचा हक्क असतोच.

गाडी तयार झाली ती मात्र दृष्ट लागण्यासारखी. काळीभोर टाकी, तिच्यावर केसाएवढी बारीक चंदेरी रेघ, सायलेन्सरवर गुंडाळलेली खाकी पट्टी. बुटक्या सीटमागे नुसती हवा. मिस्त्रीनेसुद्धा फडक्याने ती गरजेपेक्षा जास्त वेळ पुसली.

"मी स्कूटरवर मागून येतो," तो म्हणाला. "पहिला दिवस आहे."

मिस्त्रीच्या कारखान्यापासून सासऱ्यांचं घर नऊ किलोमीटर. पहिल्या किलोमीटरला जावई उडत होता. तिसऱ्याला मनगटं बोलू लागली. पाचव्याला त्याला कळलं की पुढचा रस्ता बघायचा तर मान मोडून वर करावी लागते, आणि नाही केली तर फक्त स्वतःचं पुढचं चाक दिसतं. सातव्या किलोमीटरच्या सिग्नलवर त्याने पोट सोडलं. पोट टाकीवर जाऊन बसलं आणि बाकीचं शरीर मागे सरकलं, तर तिथे बूड अडवायला सीटचं कुबड होतं. दुकानांच्या काचांत स्वतःला बघायचं त्याने किती दिवस योजलं होतं. एकाही काचेत बघायचं भान राहिलं नाही.

अंगणात सगळे उभे होते. सासरे, बायको, आणि अर्थात साडू, आपल्या कारची किल्ली बोटाभोवती फिरवत. जावयाने इंजिन बंद केलं आणि उतरला. म्हणजे पाय उतरले. कंबर तशीच राहिली, हॅन्डल धरल्यासारखी.

"काय हो, काही सांडलं का खाली?" साडूने विचारलं.

सासरे गाडीभोवती फिरले. टाकीवर हात ठेवला, तिथेच थोडा वेळ राहू दिला. डोळे खरोखरच दिपले होते. तेवढा अंदाज जावयाचा बरोबर निघाला. मग ते मागच्या बाजूला आले.

"सुंदर केलीत जावईबापू. माझ्या लक्षात आहे ती अशी नव्हती, पण सुंदर आहे. बरं, मी कुठे बसू?"

बायकोने नवऱ्याकडे अशी नजर टाकली, की बोलली असती तर परवडलं असतं.

"बाबा, असं करू," जावई वाकलेल्या अवस्थेतच म्हणाला. "तुम्ही साडूभाऊंच्या गाडीत बसा. मी पुढे गाडी चालवतो. पुलापर्यंत. काच उघडी ठेवा, वारा लागेल."

"मी काय मंत्री आहे? पुढे मोटरसायकल आणि मागे मी?"

"मग उशी बांधून…"

"त्या शेपटीवर माणूस बसणार नाही," मिस्त्री स्कूटर लावता लावता म्हणाला. "मी विचारलं होतं."

सासऱ्यांनी आणखी एक फेरी मारली. मग धोतराचा सोगा सोडावा इतक्या सहज त्यांनी हातातली काठी मुलीकडे दिली आणि पाय टाकून गाडीवर बसले.

बायको ओरडली, साडूही ओरडला. पण मिस्त्री दोन पावलं पुढे आला आणि तोंड उघडं ठेवून बघत राहिला. गेल्या दहा वर्षांत सासऱ्यांच्या पाठीला असा बाक आला होता, की 'बाबा, सरळ बसा' म्हणून घरातल्यांची तोंडं दुखायची. तो बाक आता टाकीवर असा बसला, जणू टाकी त्याच्याच साच्यातून काढली होती. हात न शोधता हॅन्डलवर पडले. गुडघे खोबणीत गेले. आणि वाकलेल्या माणसाची मान आधीच वर बघायला शिकलेली असते. त्यांना रस्ता सरळ दिसत होता.

"साहेब," मिस्त्री हलक्या आवाजात म्हणाला, "कंटाळून बसलेल्या माणसाचं माप मी म्हणतो ना, ते हे."

"बाबा, उतरा आधी!" मुलगी म्हणाली.

"हेल्मेट आण."

"डॉक्टरांनी काय सांगितलंय?"

"वाकून बसू नका असं. सरळ बसायला सीट कुठे ठेवलीय तुझ्या नवऱ्याने?"

हेल्मेट जावयाच्या काखेत होतं. सासऱ्यांनी हात पुढे केला, आणि चौदा वर्षांच्या सवयीने जावयाने ते दिलं. किक दोनदा हळू दाबून तिसऱ्यांदा मारायची हे सासऱ्यांना कोणी सांगायची गरज नव्हती. फाटकातून बाहेर पडताना गाडी जराशी डगमगली, घोट्याला सायलेन्सर चाटून गेला, आणि मग आवाज रस्त्याने लांब लांब होत गेला.

मागोमाग सगळे साडूच्या गाडीने निघाले. धाकट्या जावयाला बसता येईना, म्हणून तो मागच्या सीटवर कुशीवर पडून, बायकोच्या मांडीवर डोकं ठेवून गेला. साडूने एसी लावला.

पुलाच्या कठड्याशी गाडी नीट स्टँडवर उभी होती. सासरे शेजारी, हेल्मेट काखेत, खाली दगडी खांबांकडे बोट दाखवत दोन अनोळखी माणसांना सांगत होते. "तो तिसरा खांब. त्याचा पाया दोनदा वाहून गेला." डोळ्यांतून पाणी येत होतं. वाऱ्याने असेल.

"बाबा," जावई गाडीच्या दाराला धरून उभा राहिला, "अट अशी होती की पुलापर्यंत तुम्हाला जो…"

"आणेल, त्याची. बरोबर." सासऱ्यांनी रुमालाने डोळे पुसले. "तुम्ही आणलंत मला?"

"तसं नाही, पण…"

"यांनी?"

साडूने घाईने मान हलवली. असल्या व्यवहारात आपलं नाव नको.

"मग आलो कसा मी?"

असे दावे जावयाने स्वतः शेकड्याने फेटाळले होते. कुठे बोट ठेवायला जागा नाही, हे त्याच्याइतकं कोणाला कळणार?

"तुम्ही मेहनत केलीत, नाही म्हणत नाही," सासरे मऊ आवाजात म्हणाले. "माझ्यानंतर तुम्हीच घ्या. मला घाई नाही. तुम्हालाही नसावी."

या गोष्टीला आता दीड वर्ष झालं. कोणी काय मोजलं ते एकदा पाहून घ्यावं. साडूला एका फेरीचं पेट्रोल पडलं, आणि त्यावर तो अजून प्रत्येक जेवणात एक किस्सा वसूल करतो. मिस्त्रीला या गाडीने सहा नवी गिऱ्हाइकं आणून दिली. बायकोला दर रविवारी सकाळी वडील परत येईपर्यंतचा घोर पडतो. सासऱ्यांना घोट्यावर रुपयाएवढा भाजल्याचा डाग पडला, आणि तो ते पदकासारखा दाखवतात. धाकट्या जावयाने सहा आठवडे कमरेला पट्टा बांधला, पाच महिन्यांचे शनिवार दिले, आणि 'तुम्हालाच तिची नस माहीत' म्हणून दर तीन महिन्यांनी तेल आणि चेनही तोच बघतो.

रविवारच्या मंडळींनी सासऱ्यांना पहिल्याच दिवशी आपल्यात घेतलं. ते मधोमध बसतात, खांबाची गोष्ट सांगतात, दोन कॉफ्या पितात. पाकीट कधी बरोबर आणत नाहीत. बिल आलं की म्हणतात, जावई स्कूटरवरून मागून येतोय, तो देईल. आणि तो येतो, आणि देतो.